११ डिसेंबर २०२२ : ‘समृद्धी’चा पहिला टप्पा खुला

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा वाहतुकीला खुला झाला. पूर्ण मार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा, सहापदरी. विदर्भात तो इतका सरळसोट, की चालकाला डुलकीच यावी! १ जुलै २०२३ रोजी याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा बळी गेला आणि सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. बांधकामाची खरी कसोटी मात्र लागली ती सह्याद्रीत. कसारा घाटाला बगल देणारा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा इगतपुरी-आमणे या अखेरच्या ७६ किलोमीटरमध्येच येतो. हा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला.