मत माणसाचे की जमिनीचे? पर्थच्या पूर्व उपनगरांची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटेल की हे कुठले आडबाजूचे प्रकरण काढले! ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याच्या वरिष्ठ सभागृहातला एक उपनगरी मतदारसंघ, आणि तोही आता अस्तित्वात नाही. पण लोकशाहीतला एक फार जुना प्रश्न समजून घ्यायला आपल्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. प्रश्न असा : सभागृहात बसलेला माणूस नेमके कुणाचे प्रतिनिधित्व करतो? माणसांचे, की ती राहतात त्या जमिनीचे?

आधी भूगोल बघू. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे राज्य सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या आठपट. माणसे मात्र मोजकी, आणि त्यांतली तीन-चतुर्थांशांच्या आसपास एकट्या पर्थ महानगरात. उरलेल्या अफाट प्रदेशात गव्हाची शेती, मेंढ्या आणि लोहखनिजाच्या खाणी. पर्थच्या पूर्वेला डार्लिंग रेंज नावाच्या टेकड्या आहेत. मिडलंड, बॅसनडीन, मॉर्ली, कालामुंडा अशी उपनगरे त्या टेकड्यांवर, त्यांच्या पायथ्याशी आणि अलीकडे पसरलेली आहेत. मिडलंडला १९०४ ते १९९४ पर्यंत रेल्वेचे मोठे कारखाने होते. तेव्हा ही वस्ती कुणाची, हे वेगळे सांगायला नको. या भागासाठी १९८९ साली वरिष्ठ सभागृहाचा जो मतदारसंघ आला, त्याचे नाव ईस्ट मेट्रोपॉलिटन रीजन. आपण त्याला पूर्व महानगर विभाग म्हणू.

इथे एक फरक लक्षात ठेवा. आपल्या विधान परिषदेत पदवीधर, शिक्षक, आमदार, स्थानिक संस्था असे मतदार असतात. म्हणजे तुम्ही कोण आहात त्यावर मत ठरते. तिथे तसे नाही. तिथे वरिष्ठ सभागृहही जनताच थेट निवडते. पण पूर्वी तिथेही 'कोण' हा प्रश्न होता. १९६० च्या दशकापर्यंत या सभागृहासाठी मत द्यायला मालमत्तेची अट होती. आणि तिथल्या मूळच्या लोकांना, आदिवासींना, राज्याच्या निवडणुकीत मताचा सर्वसाधारण हक्क मिळाला तो १९६२ साली. मालमत्तेची अट गेली, पण सभागृहाचा ग्रामीण कल काही गेला नाही. मजूर पक्ष सरकार बनवी, आणि वरिष्ठ सभागृहात अडकून बसे.

१९८७ मध्ये मजूर सरकारने तडजोड करून सुधारणा केली. सहा विभाग आखले, तीन महानगरी आणि तीन ग्रामीण. प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले. पूर्व महानगराला पाच जागा मिळाल्या, म्हणजे साधारण एक-षष्ठांश मते मिळवणाऱ्याला एक जागा. हे चांगलेच झाले. कारण ज्या वस्तीत एकाच पक्षाचा जोर, तिथे दुसऱ्या पक्षाच्या मतदाराचे मत पूर्वी वाया जाई. आता मिडलंडच्या कारखान्यातला कामगार आणि कालामुंडाच्या टेकडीवरचा बंगलेवाला, दोघांचाही माणूस सभागृहात पोचू लागला.

पण मेख पुढे आहे. एकूण जागा ३४, त्यांतल्या १७ महानगराला आणि १७ उरलेल्या राज्याला. तीन-चतुर्थांश माणसांना निम्म्या जागा, आणि एक-चतुर्थांश माणसांना निम्म्या जागा! २००८ पासून प्रत्येक विभागाला सहा-सहा जागा दिल्या, एकूण ३६. कागदावर काय सुंदर समता दिसते बघा : सहा विभाग, सहा-सहा जागा. पण २०२१ साली महानगरी विभागात चार लाखांहून अधिक मतदार, आणि उत्तर-पूर्वेच्या खाणी-कुरणांच्या विभागात सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे तिथल्या एका मताचे वजन मिडलंडच्या सहा मतांइतके. विभागांची समता पाळली, म्हणूनच माणसांची समता मोडली.

ॲरिस्टॉटलने समतेचे दोन प्रकार सांगितले, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. एक संख्येची समता, प्रत्येकाला सारखे. दुसरी प्रमाणाची समता, ज्याची जशी योग्यता त्याला तसे. खाणी-शेतीच्या बाजूचा युक्तिवाद दुसऱ्या प्रकारचा होता. ते म्हणत, राज्याची संपत्ती आमच्या भागातून येते. अंतरे इतकी, की एकेका प्रतिनिधीला शेकडो मैल हिंडावे लागते. आम्हाला जादा आवाज नको का? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण नीट पाहिले तर यात एक घसरण आहे. अंतर ही प्रतिनिधीची अडचण आहे, मतदाराची योग्यता नव्हे. त्या अडचणीवर जादा कार्यालये, प्रवासखर्च, मदतनीस असे उपाय करता येतात. त्यासाठी मताचे वजन वाढवण्याचे कारण नाही.

हा वाद न्यायालयातही गेला. १९९६ च्या मॅकगिंटी खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने बहुमताने सांगितले, की प्रत्येक मत सारख्या वजनाचे असलेच पाहिजे असे बंधन राज्यघटनेतून निघत नाही. खटला लढवणारे जिम मॅकगिंटी पुढे राज्याचे महान्यायवादी झाले. २००१ मध्ये त्यांनी केलेला कायद्याचा प्रयत्न पूर्ण बहुमताअभावी २००३ मध्ये न्यायालयात कोसळला. २००५ मध्ये कनिष्ठ सभागृहात मतांची समता आली, पण त्यासाठी तडजोड करावी लागली आणि वरिष्ठ सभागृहातली जुनी वाटणी तशीच राहिली.

मग २०२१ ची निवडणूक आली. मजूर पक्षाला प्रचंड यश मिळाले, आणि वरिष्ठ सभागृहात इतिहासात पहिल्यांदा बहुमत. त्याच निवडणुकीत खाणी-कुरणांच्या विभागातून डेलाइट सेव्हिंग पार्टीचा एक उमेदवार पहिल्या पसंतीच्या फक्त ९८ मतांवर निवडून आला. कसा? मतदाराने पक्षासमोर एक आकडा लिहिला, की पुढच्या पसंत्या पक्षांनी आधी नोंदवलेल्या यादीप्रमाणे वाटल्या जात. ही यादीपद्धतही १९८७ च्या सुधारणेतलीच. सरकारने माजी राज्यपाल माल्कम मॅककस्कर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्याच वर्षी कायदा केला : विभाग रद्द, यादीपद्धत रद्द, सगळे राज्य एकच मतदारसंघ, जागा ३७.

पण एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. निवडणुकीआधी मुख्यमंत्री मार्क मॅकगोवन यांनी हा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याचे सांगितले होते. म्हणजे मतदाराला समता देणारा कायदा मतदाराला न विचारता आला. साध्य योग्य होते, असे आमचे मत आहे. पण लोकशाहीत साध्याइतकाच रस्ताही मोजावा लागतो, आणि या रस्त्याबद्दल ग्रामीण भागातून उठलेली तक्रार खोटी नव्हती.

मार्च २०२५ मध्ये नव्या पद्धतीने निवडणूक झाली. सुमारे २.६ टक्के मतांना एक जागा. मजूर पक्षाला ३७ पैकी १६ जागा मिळाल्या. ज्यांनी कायदा केला, त्यांचेच बहुमत गेले. कायदा स्वतःच्या सोयीसाठी केला असे म्हणणाऱ्यांनी हाही आकडा लक्षात घ्यावा.

आणि पूर्व महानगर विभाग? तो संपला. मिडलंडच्या मतदाराचे मत आज खाणीतल्या मतदाराइतकेच वजनदार आहे. पण वरिष्ठ सभागृहात 'मी पूर्व उपनगरांचा' असे म्हणायला बांधलेला एकही सभासद उरलेला नाही. ते काम आता कनिष्ठ सभागृहाच्या आमदारांचे. माणूस मोजला गेला आणि ठिकाण सुटले. आम्हाला विचाराल तर हा सौदा घेण्यासारखा होता. ठिकाणाला मन नसते, सुखदुःख नसते; ती तिथे राहणाऱ्या माणसांची असतात. पण माणसेही हवेत राहत नाहीत. तेव्हा समान मत हा पाया धरायचा, आणि मग प्रत्येक ठिकाणचा आवाज कानावर कसा येईल, याची व्यवस्था वेगळी लावायची. उलटा क्रम लावला, की मूठभरांच्या हाती सगळ्यांचे दार अडवण्याची ताकद जाते. पर्थच्या पूर्वेच्या लोकांनी ३६ वर्षे त्याचा अनुभव घेतला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.