‘शेकर’ : एका जनुकाचे नाव आणि त्याची वाचने

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. फळमाशीच्या जनुकांच्या नामकरणात बहुधा तेवढेही अंतर उरत नाही. जनुक बिघडल्यावर जे व्यंग दिसते, त्यावरून त्याचे नाव पडते. १९१० साली टॉमस हंट मॉर्गन यांनी पांढऱ्या डोळ्यांच्या माशीची नोंद केली, आणि माशीच्या डोळ्याला लाली येण्यासाठी आवश्यक असलेले जनुक ‘व्हाइट’ या नावाने रूढ झाले. अशा नावात एक निरीक्षण गोठलेले असते. ते पुढील वाचनाला कितपत बांधून ठेवते, हा प्रश्न ‘शेकर’ या जनुकाच्या इतिहासाच्या आधारे येथे तपासला आहे.

१९४४ साली आलेक्सांडर काट्श यांनी फळमाशीच्या हालचालींतील एक आनुवंशिक बिघाड जर्मन भाषेत नोंदवला. माश्या पारखण्यासाठी त्यांना ईथरची भूल देण्याची प्रयोगशाळांत रीत होती. भुलीत इतर माश्या निपचित पडत. या वंशातील माश्यांचे पाय मात्र थरथरत राहत. म्हणून नाव पडले ‘शेकर’, म्हणजे थरथरणारी. हे व्यंग जितके माशीचे, तितकेच ते पाहण्याच्या रीतीचेही होते. ईथरवाचून ते बहुधा नजरेत भरले नसते.

थरथरीचे कारण कळण्यास तीन दशके लागली. चेतापेशी उत्तेजित झाली की सोडियमचे कण आत शिरतात. त्यानंतर पोटॅशियमचे कण पेशीपटलातील मार्गिकांतून बाहेर पडतात आणि पेशी पूर्वस्थितीला येते. १९७७ साली लिली जान, यू नुंग जान आणि त्यांच्या सहकाऱ्याने फळमाशीच्या अळ्यांवर प्रयोग केले. ‘शेकर’ अळ्यांत चेतातंतूच्या टोकाशी हे शमन लांबते आणि स्नायूला प्रमाणाबाहेर संदेश पोहोचतो, असे त्यांत आढळले. बिघाड पोटॅशियमच्या मार्गिकेत असावा, हे अनुमान त्यातून निघाले. १९८७ साली संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांनी हे जनुक वेगळे काढून त्याची रचना वाचली. पोटॅशियम मार्गिकेचे अशा रीतीने हाती आलेले ते पहिले जनुक. १९९४ साली याच कुळातील एका मानवी जनुकातील बदल हे अधूनमधून तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराचे कारण ठरले. त्या रुग्णांचे स्नायूही सूक्ष्मपणे फुरफुरत राहतात.

येथवर नाव आणि अर्थ यांचा मेळ बसतो. तो २००५ साली सुटला. कियारा चिरेली, जूलिओ टोनोनी आणि सहकारी विस्कॉन्सिन विद्यापीठात माश्यांच्या झोपेचा अभ्यास करीत होते. सुमारे ९,००० वंश तपासल्यावर त्यांना सामान्य माशीच्या केवळ एकतृतीयांश झोपणारा एक वंश सापडला. त्याला त्यांनी ‘मिनिस्लीप’ हे नाव दिले. पुढे दिसले की हा बदल ‘शेकर’ जनुकातच आहे. नावे दोन, जनुक एक.

मग वर्षानुवर्षे जपलेल्या जुन्या ‘शेकर’ वंशांची अपुरी झोप कोणाच्या ध्यानात का आली नाही? उत्तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या त्या वंशांत इतर जनुकांचे बदल साचले होते आणि त्यांनी हा परिणाम झाकला होता. नकलांमागून नकला होताना पोथीत प्रक्षेप साचतात, तसेच हे. संकर करून ते बदल दूर केल्यावर जुन्या वंशांतील माश्याही कमी झोपू लागल्या. अशा माश्यांचे आयुष्यही घटलेले आढळले.

तात्पर्य, जनुकाचे वाचन संहितेवर भागत नाही. ती संहिता कोणत्या परंपरेतून हाती आली, हेही पाहावे लागते. ‘शेकर’ हे नाव खोटे नव्हते, अपुरे होते. ईथरच्या भुलीत पाय थरथरताना दिसले. भूल न दिलेल्या माशीच्या रात्रीकडे पाहायला साठ वर्षे लागली. मानवी विकारांची उत्तरे आज अशाच जनुकांत शोधली जातात, तेव्हा पहिल्या नावाला अखेरचा अर्थ मानण्याची चूक केवळ भाषेपुरती राहत नाही.