ब्रेकच्या आवाजाची गोष्ट

आज मी तुमच्याशी लोखंडाच्या एका चकतीविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला लोखंडाशी काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस गॅरेजात कामाला. दस्तरखानावरही बोलणी चालायची ती प्लग, क्लच आणि ब्रेकची. शब्दांच्या आवाजाकडे कान द्यायला मी पुढे शिकलो. ब्रेकच्या आवाजाकडे कान द्यायची सवय त्याआधीच लागली होती. या चकतीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं, की तो मुळात एका आवाजाचाच इतिहास आहे.

आधी चकती म्हणजे काय ते पाहू. आजच्या मोटारीच्या चाकाच्या फटींतून आत डोकावलं, तर ताटलीएवढी चकचकीत चकती दिसते. ती ब्रेकची डिस्क. चाकाबरोबर ती फिरते. तिच्या एका कडेला चिमट्यासारखा एक भाग बसवलेला असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. तो चाकाबरोबर फिरत नाही. त्याच्या दोन्ही जबड्यांत एकेक पॅड असतो. आपण पायाने ब्रेक दाबला, की नळीतलं ब्रेक ऑइल तो दाब कॅलिपरपर्यंत नेतं आणि दोन्ही पॅड फिरत्या चकतीला दोन बाजूंनी घट्ट धरतात. गाडी थांबते. यंत्र म्हणून एवढंच.

पण गाडी थांबते तेव्हा तिचा वेग जातो कुठे? त्याची उष्णता होते. एक टन वजनाची गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने धावत असेल आणि तुम्ही ती एकदाच पूर्ण थांबवलीत, तर जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर लिटरभर साधं पाणी उकळीला येईल. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या चहाचं आधण! आता हीच गाडी घाटातून पाचशे मीटर खाली उतरवा. हिशेब केला तर असं पंधरा-सोळा वेळा थांबल्याइतकी ऊर्जा जिरवावी लागते. त्यातला काही भाग एंजिन आणि वारा उचलतात, बाकीचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक बनवणाऱ्यांना शंभर वर्षं ज्याने छळलं, ते हेच आधण.

ही चकती अलीकडची असावी, असा आपला समज असतो. तसं नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा फ्रेडरिक लँचेस्टर हा मोठा कल्पक इंजिनिअर. त्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन बाजूंनी पकडणारे जबडे, ही आजचीच कल्पना. पण त्या जबड्यांना तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला, की असा कर्कश चीत्कार उठे, की गाडीतले आणि रस्त्यावरचे, दोघेही दचकत. शिवाय त्या काळचे रस्ते धुळीचे; ती धूळ आत जाऊन तांबं भराभर झिजे. कल्पना बरोबर होती, पण ती किंचाळत होती. लोकांनी ती बाजूला ठेवली.

हा आवाज शांत करणाऱ्या माणसाचं नाव हर्बर्ट फ्रूड. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात तो राहायचा. उतारावरून जाणाऱ्या घोडागाड्यांचे गाडीवान लाकडी ब्रेक आणि चाकाची धाव यांच्यामध्ये जुन्या बुटाचं कातडं घालतात, हे पाहून त्याला युक्ती सुचली, असं सांगतात. चांगल्या घर्षणासाठी मधे एक वेगळं अस्तर हवं, ही ती युक्ती. १८९७ साली त्याने हा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावातल्या अक्षरांची अदलाबदल करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर त्यात मिसळून त्याने 'फेरोडो' हे नाव तयार केलं. सुरुवातीची अस्तरं राळ मुरवलेल्या सुती कापडाची होती. पण मोटारींचा वेग वाढला, तसं सूत जळू लागलं. मग त्यात जळत नाही असा धागा आला : ॲस्बेस्टॉस. १९०८च्या सुमारास ही अस्तरं तयार होऊ लागली. ती तापली तरी टिकत आणि मुख्य म्हणजे गप्प राहत.

या शांततेची किंमत कुणी दिली, तेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची एक बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातण्याच्या कारखान्यात काम करायची. १९२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली. तिची फुप्फुसं तपासणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांना त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. त्याच वर्षी त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात मांडलं; पुढे १९२७मध्ये त्या रोगाला 'ॲस्बेस्टोसिस' हे नाव दिलं. ती ब्रेकच्या अस्तराचं काम करत नव्हती, पण धागा तोच होता आणि धूळही तीच. हा धागा मुंबईपर्यंतही आला. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडो कारखान्यात ब्रेकची अस्तरं बनत. या धुळीत काम करणाऱ्या देशभरातल्या कामगारांचा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५च्या जानेवारीत न्यायालयाने निकाल दिला, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲस्बेस्टॉस कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतला जो काळ पुढचा असेल तोवर ठेवावी, असा आदेशही दिला. चाळीस वर्षं कशासाठी? कारण हा रोग अनेक वर्षं काहीच बोलत नाही. ब्रेक गप्प होता आणि रोगही गप्प होता.

दरम्यान मोटारींनी दुसरा मार्ग धरला होता, ड्रम ब्रेकचा. त्याच्या आधुनिक रूपाचं श्रेय साधारणपणे फ्रान्सच्या लुई रेनो यांना देतात, तेही १९०२ सालचंच. यात चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा असतो आणि त्याच्या आतून दोन अर्धगोल शू बाहेर फाकून डब्याच्या भिंतीला घासतात. धूळ आत जात नाही, आवाज बाहेर येत नाही. सोयीची गोष्ट. आपल्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी चारही चाकांवर अशाच ड्रमांनी थांबायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्यांनी अर्धं शतक शहर वाहिलं आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या.

पण बंद डब्याचे दोन दोष होते. एक म्हणजे, आतलं अस्तर किती उरलं आहे ते पाहायला चाक काढा, ड्रम काढा, तेव्हा कुठे कळायचं. दुसरा दोष जीवघेणा. लांब उतारावर ड्रम तापला, की फुगतो आणि फुगला की शूपासून दूर जातो. ड्रायव्हर पाय दाबत राहतो आणि ब्रेक कमी कमी लागत जातो. घाटात 'ब्रेक फेल' झाल्याच्या जुन्या कहाण्यांमागे बरेचदा हे आधणच असे. चकतीचं उलट आहे. ती तापून फुगते, ती पॅडच्या दिशेने. शिवाय ती उघडी असते. वारा तिला सतत निववत राहतो.

चकतीचे दिवस परत आले ते विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं जड झाली, उतरण्याचा वेग वाढला आणि त्यांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक तयार झाले. १९४९ साली अमेरिकेत क्रॉस्ली नावाच्या छोट्या मोटारीला ते बसवले गेले. पण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाने त्यांचे कॅलिपर खाल्ले. खरा निकाल लागला तो शर्यतीच्या मैदानात. फ्रान्समध्ये ल मां इथे चोवीस तासांची शर्यत होते. त्या मार्गावर साधारण सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला काटकोनातलं वळण. १९५३च्या जूनमध्ये जग्वार कंपनीने आपल्या गाड्यांना डनलॉपच्या डिस्क बसवल्या होत्या. बाकीचे ड्रायव्हर वळण येण्याच्या कितीतरी आधी पाय दाबत, कारण रात्रभर ब्रेक टिकवायचे होते. जग्वारचे ड्रायव्हर उशिरा दाबत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची गाडी पहिली आली, दुसरा क्रमांकही जग्वारचाच. चोवीस तासांची सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर जाण्याची तिथली ती पहिलीच वेळ. ज्याला भरवशाने थांबता येतं तोच जोरात जाऊ शकतो, हे त्या रात्री सिद्ध झालं. १९५५मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएस या गाडीने पुढच्या चाकांसाठी डिस्क आणल्या, १९५६मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फ टीआर-३ने. आपल्याकडे मारुती ८००च्या पुढच्या चाकांत त्या आल्या आणि मध्यमवर्गीय घरापर्यंत पोचल्या.

आता त्या आवाजाकडे परत येऊ. आवाजापायी लँचेस्टरची चकती मागे पडली. तो घालवायला माणसांनी किती काय केलं! आणि आज? आज बऱ्याच पॅडांना पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून पातळ झाला, की ती पट्टी चकतीला टेकते आणि बारीक, तीक्ष्ण 'ची' आवाज येऊ लागतो. जी किंचाळी १९०२मध्ये दोष होती, ती आता निरोप झाली आहे. तो ऐकून काचा वर करणारे आणि गाण्याचा आवाज वाढवणारेही असतात. त्यांनी पुढचा आवाज ऐकायची वेळ आणू नये. तो 'ची' नसतो, तो 'खर्र' असतो. पॅड संपून त्याची लोखंडी पाठ चकतीला खरवडते आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा गाडी चालवत राहायची नाही.

पॅड झिजतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. चकतीही झिजते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसतं. ती बिडाच्या लोखंडाची असते आणि प्रत्येक थांबण्यात आपलं थोडंसं अंग देते. पॅड घासतो तिथे ती पातळ होते, बाहेरच्या काठावर मात्र मूळ जाडी राहते. म्हणून तिथे कड उभी राहते. गाडी उभी असताना, चकती पूर्ण निवल्यावर, काठावर बोट लावून पाहा. कड ठळक लागली तर जाडी मोजून घ्या. किमान किती जाडी चालेल, तो आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. नवी चकती २२ मिलिमीटरची असेल, तर मर्यादा २०च्या आसपास असते. म्हणजे दोन मिलिमीटर हेच तिचं सारं आयुष्य. मोजताना मायक्रोमीटर लावावा. साधा कॅलिपर त्या कडेवर टेकला, तर जाडी खोटीच जास्त दाखवतो.

आणखी काही खुणा आहेत. नखाला लागतील असे खोल ओरखडे, निळसर डाग, म्हणजे चकती फार तापली होती, आणि आरपार किंवा काठापर्यंत गेलेली चीर. चीर दिसली तर विचार नको, चकती बदला. ब्रेक दाबल्यावर पायाखाली किंवा स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवली, की मेकॅनिक म्हणतो, डिस्क वाकली. बहुधा ती वाकलेली नसते. तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, तीही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत. लेथवर ती सपाट करता येते, पण केल्यानंतर जाडी मर्यादेच्या वर उरणार असेल तरच. चकती बदलायची तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची बदलावी आणि पॅडही नवे घ्यावेत. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकतीवर सकाळी तांबूस गंज दिसतो, त्याला घाबरू नये. दोन-चार ब्रेकांत तो निघून जातो. न निघणारा, खड्डे पाडणारा गंज वेगळा. समुद्रकाठच्या मंडळींनी तो पाहत राहावा.

दोन गोष्टी घाटासाठी. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे आधणाचा मोठा वाटा एंजिन उचलेल. आणि खाली उतरल्यावर तापलेल्या चाकांवर बादलीभर पाणी ओतू नका. तापलेलं बीड त्याने तडकू शकतं. एक गोष्ट गॅरेजसाठी. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुमची गाडी तासाभरात दुरुस्त होऊन निघून जाते, पण तिथे काम करणारं पोर दिवसभर तीच हवा छातीत घेत असतं. त्याच्या फुप्फुसाला आवाज करणारी पट्टी लावलेली नाही. तेवढ्यासाठी आपणच बोलायला हवं.