दिनविशेष : १ नोव्हेंबर १९५६ – पैनगंगेवरची राज्यसीमा मिटली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील वाशीम व मंगरूळपीर हे तालुके, विदर्भाच्या आठही जिल्ह्यांसह, मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात, म्हणजे मराठी व गुजराती मुलूख एकत्र असलेल्या राज्यात, आले. त्याच दिवशी हैदराबाद राज्यातील मराठवाडाही मुंबई राज्यात आल्याने वाशीमच्या दक्षिणेस पैनगंगेच्या आसऱ्याने आखलेली राज्यसीमा उरली नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यापासून वेगळ्या कारभारात राहिलेली वाशीम आणि हिंगोली ही शेजारची गावे पुन्हा एका शासनाखाली आली. नकाशावरील या बदलाचे मोल मोठेच आहे.

त्याहून अधिक महत्त्वाची ठरते ती याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने आलेली अनुच्छेद ३७१ मधील तरतूद. विदर्भ, मराठवाडा आदी भागांसाठी स्वतंत्र विकास मंडळे, म्हणजे विकासखर्चाच्या न्याय्य वाटपावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, स्थापण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची मुभा तिने दिली. मात्र ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, हा विलंब या भागाला महाग पडला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला, तरी २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये त्याचे नाव होते, आणि विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.