कोंबड्यांचं ऑफिस

'चिकन रन' हा ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, २००० सालचा. 'द ग्रेट एस्केप'सारख्या युद्धकैद्यांच्या पलायनपटांचं हे विडंबन, असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र तो अस्सल ऑफिसपट वाटतो. बघा ना, रोज हजेरी. कुणी किती अंडी दिली याची वहीत नोंद. एडविनाच्या नावापुढे काही दिवस शून्य लागतं आणि तिच्या मानेवर कुऱ्हाड पडते. सतत विणकाम करणारी बॅब्स निरागसपणे विचारते, ती सुट्टीवर गेली का? आयटीतली नोकरकपात पाहिलेल्यांना हा प्रश्न नवा नसावा. आपल्या अंड्यांचा आकडा मिरवणारी बंटीही प्रत्येक टीममध्ये एक असतेच. आणि मोबदला ठरल्याशिवाय काडी न हलवणारे दोन उंदीर म्हणजे आपले कॉन्ट्रॅक्टर!

दिग्दर्शक दोघे, पीटर लॉर्ड आणि निक पार्क. पार्क यांची पात्रं लगेच ओळखू येतात: रुंद तोंड, एकमेकांना भिडलेले डोळे, भुवईच्या जराशा हालचालीवर पेललेला विनोद. मातीवर बोटांचे ठसे दिसले तरी चालतात, उलट तीच त्यांची खूण. सेकंदाला २४ चौकटी. बाहुली किंचित हलवायची, चित्र टिपायचं, पुन्हा हलवायची. दिवसभर राबून एका कलाकाराच्या हाती दोन-तीन सेकंदांचा सिनेमा लागला तरी पुष्कळ. कोंबड्यांच्या गळ्यातल्या माळा आणि स्कार्फही हौसेचे नाहीत. डोकं आणि धड यांचा सांधा त्याखाली लपतो.

हे वेड आपल्याला परकं नाही. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला, तो दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्याही नाचवल्या. पण १९१८ साली नाशिकला निघालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचं बिनसलं. राजीनामा देऊन ते काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. नंतर परतले, पण पुन्हा त्याच भागीदारांच्या कंपनीत. हात त्यांचे, तिजोरी दुसऱ्यांची.

आर्डमनलाही मोठे भागीदार भेटले. ड्रीमवर्क्सबरोबरचा करार २००७ साली संपला, स्टुडिओ मात्र टिकला. १९७२ मध्ये तो सुरू करणारे लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन हे शाळासोबती. २०१८ साली त्यांनी कंपनीचे ७५ टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या वतीने एका ट्रस्टकडे सोपवले. एखाद्या बड्या स्टुडिओला विकून निवांत होता आलं असतं. पण मग माती मळणाऱ्यांचं काय झालं असतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक असणार.

सिनेमात खुराड्यांच्या फळ्यांचं विमान सगळ्या कोंबड्या मिळून पेडल मारत उडवतात. उंदीर मात्र शेवटी स्वतःचा अंड्यांचा धंदा काढायला निघतात, आणि आधी कोंबडी आणायची की अंडं, यावरच अडून बसतात.