पटवाऱ्याचें दप्तर

सिंदेवाहीच्या आसपास धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरविणारे तलाव आणि सभोंवार जंगल अशी जमिनीची ठेवण आहे. एका बांधीचा ठावठिकाणा कागदावर कसा राखावा, हा प्रश्न इंग्रजी अंमलाच्या आरंभींच उभा राहिला. १८६१ सालीं मध्यप्रांत स्थापन झाला आणि चांद्याच्या बंदोबस्ताचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ सालीं निघाला. त्या काळच्या बंदोबस्तांत मालगुजारांस गांवाची मालकी मिळाली. ‘मालगुजारी तलाव’ हें नांव त्याचीच साक्ष देतें; मात्र ते तलाव बांधणारे हात पुष्कळदा कोहळी शेतकऱ्यांचे होते, हें नांवावरून कळत नाहीं.

पटवाऱ्याच्या दप्तराचा जीव तीन कागदांत असे. नकाशांत शेतावर धन्याचें नांव नसतें, नुसता अंक असतो. खसरा त्या अंकांच्या ओळीनें चालतो: अंक, क्षेत्र, जमिनीची जात, पीक. जमाबंदी माणसांच्या ओळीनें चालते: अमक्याच्या खात्यांत अमुक अंक. शेत विकलें गेलें, किंवा बाप जाऊन मुलगा आला, तरी नकाशा खोडावा लागत नाहीं. ४७ ची वांटणी झाली तर ४७/१ आणि ४७/२ होतात. शेजारचा ४८ जागचा हलत नाहीं. युक्ति इतकी साधी कीं तिची किंमत कोणास वाटत नाहीं. नांवावरून शेत ओळखूं जावें, तर एकाच गांवांत चार लक्ष्मण निघावयाचे!

शंभर वर्षांनीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही संगणकाची व्यवस्था रचली, तेव्हां खसरा न पाहतांच ते त्याच वाटेनें गेले. त्यांच्या तबकडीवर प्रत्येक फाइलीस एक अंक असतो. त्या अंकाच्या नोंदीस आयनोड म्हणतात. तींत फाइलीचा मालक, आकार, परवानगी आणि मजकूर तबकडीवर कोठें पडला आहे त्या जागा असतात. नांव तेथें नसतें. नांवांची यादी निराळी, आणि तींत नांवापुढें केवळ अंक. म्हणून एका फाइलीस दोन नांवें सुखानें असूं शकतात. या साऱ्याची मांडणी सांगणारें पहिलें पान म्हणजे सुपरब्लॉक. १९९३ सालीं रेमी कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिनक्ससाठीं रचलेल्या ‘एक्स्ट टू’ मध्यें हें पान १०२४ व्या बाइटापासून सुरू होतें, आणि त्याच्या नकला तबकडीवर इतरत्रही ठेवलेल्या असतात. पटवाऱ्याच्या कागदाची प्रत तहसिलींत ठेवण्यामागें दुसरा कोणता हेतु होता?

नोंद ठेवणें निराळें आणि नोंदीची रीत लिहून ठेवणें निराळें. मुंबई इलाख्यांत हें दुसरें काम अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तकानें केलें. गांवच्या कोणत्या नमुन्यांत काय लिहावें आणि एका नमुन्याचा दुसऱ्याशीं मेळ कसा घालावा, तें त्यांत सांगितलें आहे. असें पुस्तक हाताशीं नसेल तर जुना रकाना म्हणजे नुसत्या रेघा.

परंतु रानाकांठच्या माणसाचा सारा संसार अंकांत मावत नाहीं. सरपण, बांबू, गुरांची चराई हीं कोणाच्या खात्यांत लिहावींत? यासाठीं निस्तार पत्रक आहे. पाणी, वाट, मासेमारी यांविषयींची वहिवाट वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत येते. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि गांवचीं जंगलें सरकारजमा झालीं. तरी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत हे दोन्ही कागद कलम १६१ आणि १६५ मध्यें कायम राहिले.

ते केवळ शोभेचे राहिले नाहींत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक हक्क सांगतांना ‘निस्तार’ हा शब्दच उचलला. २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा लेख मिळाला. अशा दाव्यांत जुने महसुली कागद पुरावा म्हणून चालतात. ज्या गांवाचा कागद हातीं लागत नाहीं, त्याच्यासाठीं नियमांत आणखी एक वाट ठेवली आहे: दावेदारांहून निराळ्या वृद्धांची जबानी लिहून घ्यावी.