लोकमत कोणाचे?

सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर, असा हिशेब जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. शिक्षणपट्टीचा बोजा नको आणि लोकमत अनुकूल नाही, हे त्यावरचे प्रमुख आक्षेप. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मात्र ज्यांची मुले शाळेबाहेर होती, त्यांना त्या सभागृहात मतच नव्हते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला, तो अशा लोकमताची वाट न पाहता. शाळांवरील खर्चाबाबतचे ‘लोकमत’ वाचताना म्हणूनच आधी विचारावे: मोजले गेले ते कोणाचे?